मध्ये पडायचं कसं

रात्री पावणेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडतो : ‘बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून बाईच्या ओरडण्याचा आवाज येतोय. कोणीतरी बघा ना.’ पहिलं उत्तर जोडलेल्या हातांचं. मग ‘सेक्रेटरींना कळवा’. मग ‘वॉचमनला वर पाठवा’. मग एका जुन्या रहिवाशाचं, ‘त्यांचं नेहमीचंच आहे’. सेक्रेटरी गावाला गेलेले, वॉचमन खाली गेटवर आणि तो ग्रुपमध्ये नाहीच. अकराच्या सुमारास आवाज थांबतो, ‘थांबलं वाटतं’ असा शेवटचा मेसेज येतो, आणि सकाळी सव्वासहाला टँकर उशिरा येणार म्हटल्यावर त्याच ग्रुपवर पाच मिनिटांत पंचवीस जण बोलते होतात. टँकरचं मला काही वाटत नाही. पाण्यासाठी माणूस भांडणारच. खटकतं ते हे, की त्या पाव तासात त्या मजल्यावर कुणीच झोपलेलं नव्हतं. कुणी टीव्हीचा आवाज बारीक केला होता, कुणी बाथरूमच्या खिडकीशी उभं होतं, कारण डक्टमधून जास्त स्पष्ट ऐकू येतं. प्रत्येक जण आपापल्या दाराच्या आत टक्क जागा होता.

याला भित्रेपणा म्हणून मोकळं होता येतं. पण १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग आठवला की तितकं सोपं वाटत नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि इंटरकॉमवरून गप्पा मारायला सांगितलं. मध्येच एका आवाजाला फिट आल्यासारखं झालं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के त्याचा आवाज पुरता बंद व्हायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. न उठलेले थंडपणे बसले होते असंही नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. याच्या उलट २०१९ मध्ये एक अभ्यास आला. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनच्या रस्त्यांवरल्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं अभ्यासकांनी तपासली. दर दहांतल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडलेला दिसला, आणि जितकी माणसं जास्त तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त.

दोन्ही खरं कसं? मला वाटतं, फरक भिंतीचा आहे. रस्त्यावरची माणसं एकमेकांना दिसतात. एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याला ते दिसतं. प्रयोगातल्या खोल्यांत सगळ्यांना ऐकू येत होतं, पण कुणालाच कुणी दिसत नव्हतं, आणि आपली फ्लॅट संस्कृती नेमकी तशी आहे. चाळीत गॅलरी असते, तिथे माणूस आपोआप बाहेर येतो. म्हणून बंद दारांच्या इमारतीत पहिलं काम बेल वाजवण्याचं नाही. स्वतःचं दार उघडायचं, पॅसेजचा दिवा लावायचा आणि बाहेर उभं राहायचं. मग बेल वाजवायची ती समोरच्या घराची, मारहाण चाललीय त्या घराची नव्हे. पॅसेजमध्ये दोन माणसं झाली की निम्मं काम झालं. ग्रुपवर लिहायचंच असेल तर नाव घेऊन लिहायचं : ‘कुलकर्णीकाका, तुम्ही बाहेर या, मी पोलिसांना ११२ लावते, सुजाता, तू लिफ्टपाशी थांब.’ नावानिशी काम सांगितलं की माणूस येतो, हे लग्नघरात ज्याने वाढपी म्हणून काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता त्या घराची बेल. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम आणली, तेव्हाच्या जाहिराती अजून काहींना आठवत असतील. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवतात, एक जण जाऊन बेल वाजवतो आणि बॉल मागतो, बॉल तर त्यांच्याच हातात असतो. त्या मोहिमेची खुबी अशी, की पोरगा आत जात नाही, उपदेश करत नाही, मारणाऱ्याला जाबही विचारत नाही. कुणीतरी दाराशी आहे एवढंच तो कळवतो. मारहाणीची लय मोडते. पुष्कळदा तेवढ्याने ती त्या रात्रीपुरती थांबते.

पण निमित्त कसलं काढायचं, यात लोक चुकतात. ‘आवाज येत होता म्हणून आलो’ हे वाक्य सगळ्यात वाईट. ते प्रामाणिक आहे, पण दार बंद झाल्यावर त्याचा हिशेब तिच्याकडून मागितला जातो : तू ओरडलीस म्हणून लोक गोळा झाले. निमित्त असं हवं की त्याचं मूळ तिच्यापर्यंत पोचता कामा नये. ‘तुमच्याकडे पाणी येतंय का हो, आमचं गेलंय.’ ‘तुमची गाडी कुणाच्या तरी मागे लागलीय, जरा काढता का?’ हे दुसरं मला फार उपयोगी वाटतं, कारण ते त्याला दहा मिनिटं घराबाहेर, खाली पार्किंगमध्ये नेतं. तेवढ्यात दुसरी कुणी बाई वर तिच्याशी दोन शब्द बोलू शकते. ‘वहिनींना जरा बोलवा ना, आईने काहीतरी विचारलंय’ हेही चालतं, कारण त्यामुळे ती डोळ्यांना दिसते. दारात आली तर कशी उभी आहे, हात कुठे धरलाय, मुलं कुठे आहेत, एवढं बघून घ्यायचं. त्याच्यासमोर ‘ठीक आहात ना?’ विचारू नये. उत्तर ‘हो’च येणार, आणि पुढच्या वेळी तेच आपल्याला गप्प बसायला कारण होतं.

बेल एकदा लांब वाजवायची, थांबायचं, पुन्हा वाजवायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. दुसरा माणूस जिन्याच्या वळणावर, फोन हातात घेऊन. आणि काही आवाज असे असतात की त्यावर बेल वाजवण्याच्या भानगडीत पडूच नये, सरळ पोलिसांना फोन करावा. हत्यार दिसलं, रॉकेलचा किंवा पेट्रोलचा वास आला, मुलं किंचाळताहेत, किंवा ओरडणं मध्येच घुसमटून तुटलं. गळा दाबला गेला असेल तर मानेवर वळही न उठता आत इजा झालेली असू शकते. दुसऱ्या दिवशी आवाज बसलाय, गिळताना दुखतंय असं ती म्हणाली तर ‘सर्दी असेल’ म्हणून सोडून न देता तिला सरकारी दवाखान्यात नेलं पाहिजे. ज्या नवऱ्याचा हात एकदा गळ्याशी गेला, त्या घरातला धोका एकदम वरच्या पायरीवर गेलेला असतो.

११२ ला काय सांगायचं, हेही आधी मनाशी जुळवून ठेवावं, कारण ऐनवेळी तोंडातून पाल्हाळ निघतं. महाराष्ट्रातले हे कॉल नवी मुंबईच्या आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात. तुमचा कॉल उचलणाऱ्याला सांगलीतलं विश्रामबाग किंवा नाशिकचं सिडको तुमच्याइतकं माहीत असेलच असं नाही. म्हणून जिल्हा, गाव किंवा शहर, भाग, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण या क्रमाने पत्ता आधी. फोन तुटला तरी पत्ता पोचलेला असतो. मग ‘एका महिलेला मारहाण चालू आहे, आत्ता चालू आहे’. ‘भांडण चाललंय’ असं म्हणू नये, भांडण म्हटलं की समोरच्यालाही घाई वाटत नाही. हत्यार आहे का, घरात मुलं आहेत का, माणूस प्यायलेला आहे का. स्वतःचं नाव त्या घरात कळू देऊ नका, असं स्पष्ट सांगायचं. आणि खाली गेटवर कुणाला तरी उभं करायचं, नाहीतर पोलिसांची गाडी सोसायटीला दोन चकरा मारते आणि निघून जाते. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, वर आले की त्यांनी तिच्याशी वेगळं, नवऱ्याच्या नजरेआड बोलावं, हे शेजाऱ्याने तिथे उभं राहून म्हटलं तर बरंच घडतं. कुणी म्हटलं नाही तर दारातच दोघांना समोरासमोर विचारून ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते.

बाकी खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला असतं, आणि तिथे कुणी जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हणजे ती येऊन सांगेल याची वाट बघत बसलो तर चारांतल्या तिघींच्या बाबतीत ती वेळ येणारच नाही. इमारतीत हे ज्यांना आधी कळतं त्यात शिकलेले शेजारी फारसे नसतात. कळतं ते धुणंभांड्याच्या मावशींना, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, खालच्या पार्लरमधल्या मुलीला, बालवाडीच्या बाईंना. ब्लाउजची बाही अचानक लांब शिवून घेतली जाते. बांगड्या फुटलेल्या कचऱ्यात मावशींना दिसतात. यांच्याकडे माहिती असते, अधिकार नसतो. सोसायटीच्या कमिटीकडे अधिकार असतो आणि माहिती नसते. या दोघांचं बोलणं व्हावं इतकी साधी सोय आपल्याकडे नाही, मात्र दिवाळीच्या बक्षिसासाठी मावशींची यादी तयार असते.

तिच्याशी बोलायचं तर नवरा कामावर गेल्यावर, दारात नव्हे, गच्चीवर पापड वाळत घालताना, शाळेच्या रस्त्यावर, भाजीच्या गाडीपाशी. ‘काल मला ऐकू आलं. तुझं काही चुकलेलं नाही. काही लागलं तर मी आहे.’ एवढ्यावर थांबायचं. ‘तू सोडत का नाहीस त्याला?’ हे विचारू नये. एक तर त्यात तिचीच चूक काढल्यासारखं होतं, आणि दुसरं, घर सोडायच्या सुमाराला धोका सगळ्यात जास्त असतो. ती तोलूनमापून थांबलेली असते, आपल्याला ते दिसत नसतं. ‘मी त्याच्याशी बोलतो’ हेही नको. पुरुष शेजाऱ्यांना हा मोह फार होतो. पार्किंगमध्ये त्याच्या खांद्यावर हात टाकून ‘अरे, असं करू नये’ म्हणायचं, तो मान खाली घालून ‘हो दादा’ म्हणतो, आणि वर जाऊन त्याचा हिशेब पूर्ण करतो.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते कंटाळवाणं आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो यांच्या झेरॉक्सचा एक संच आपल्या घरी ठेवून घेणं. घराची जादा किल्ली ठेवून घेणं. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर तिच्या फोनमध्ये ‘गॅसवाला’ अशा एखाद्या नावाने सेव्ह करून देणं. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी काढणं, कारण वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात. शेजारी एक नाणं ठेवलं तर आकार कळतो. दवाखान्यात सोबत जाणं सगळ्यात महत्त्वाचं. नवरा सोबत असला की केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडली’ असं लागतं, आणि दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद तिच्याविरुद्ध बोलतो. कशाने आणि कुणी मारलं ते तिने सांगायचं, डॉक्टरांनी एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी जखमांची नोंद, करायची, आणि त्या नोंदीचा नंबर आपण वहीत टिपून ठेवायचा.

शेजाऱ्याने तक्रार केली तर तोच अडकेल, ही भीती मात्र बिनबुडाची आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ सरळ सांगतं, की अशी हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं वाटण्यास कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास खात्याचे. ते घरगुती घटना अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात आणि प्रत पोलीस ठाण्याला देतात. पुढे अर्ज झाला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोर्टात किती लागतात ते सांगून कुणाचा उत्साह घालवत नाही. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष हीसुद्धा आपल्याकडची मोठी सोय आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला. तिथे बसतात ते पोलीस नव्हेत, समाजकार्याचं शिक्षण घेतलेले लोक असतात, आणि नुसतं बोलायला गेलं तरी चालतं.

गावाकडे गोष्ट वेगळी. तिथे भिंती पातळ आणि सगळ्यांना सगळं माहीत, पण मध्ये पडणं म्हणजे समेट घडवणं अशी पक्की समजूत. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाच्या वादांना तिचा उपयोग झाला असेल, पण बाईच्या मारहाणीला ‘तंटा’ म्हटलं की दोन बाजू तयार होतात आणि मारणाऱ्याचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. चहा होतो, दोघांच्या सह्या होतात, आणि ती ज्या घरातून आली तिथेच परत जाते, वर गावासमोर बसल्याचा राग सोसायला. त्यापेक्षा अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंच्या कानावर घातलं तर बरं. त्या कुठल्याही घरात लस, वजन, गोळ्या या निमित्ताने जाऊ शकतात, कुणाला संशय येत नाही.

रस्त्यावरच्या प्रसंगांना शौर्याची झाक असते म्हणून त्यांची बातमी होते. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीजवळ अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला दोन तरुणांनी हटकलं. तो गेला, साथीदार आणि हत्यारं घेऊन परत आला, आणि त्या दोघांचे जीव गेले. हे फार कुणी शिकवत नाही : हटकल्यावर जो निघून जातो, तो संपलेला नसतो. तिला घेऊन तिथून हलायचं, लगेच, उजेडाच्या आणि वर्दळीच्या दिशेने. जिंकल्यासारखं वाटून तिथेच उभं राहण्याइतकं धोक्याचं काही नाही. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीच्या मागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी अडवलं. पुढच्या जूनमध्ये वसईत एका तरुणीवर भर रस्त्यात लोखंडी पान्याने घाव घातले गेले, एकाने अडवायचा प्रयत्न केला, पण तो एकटा पडला आणि बाकीचे लांबून बघत राहिले. दोन्हींत मला दिसतो तो दुसऱ्या माणसाचा फरक. पहिला धावणारा कुठेही निघतो. दुसरा निघाला तर तिसऱ्याला वेळ लागत नाही. हत्यारासमोर हात रिकामे असतील तर लांबून खुर्ची, हेल्मेट, पाण्याची बाटली, जे मिळेल ते फेकणं, दुकानाचं शटर अर्धं उघडून तिला आत ओढणं, गाडीचा हॉर्न दाबून धरणं हेही मध्ये पडणंच आहे. दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी गरजेपुरतं बळ वापरण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने प्रत्येकाला दिलेला आहे. गरजेपुरतं, एवढंच. तो पकडला गेल्यावर गर्दी त्याला तुडवायला लागते तेव्हा रक्षण संपलेलं असतं, आणि ती मुलगी बहुधा कुठेतरी पायरीवर एकटी बसलेली असते. तिला पाणी द्यायला माणूस उरत नाही.

छेडछाडीला यातलं काहीच लागत नाही. बसमध्ये ‘ताई, इकडे या, इथे जागा आहे’ एवढं पुरतं, नाहीतर दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कंडक्टरला सांगायचं, गाडी थेट चौकीला नेता येते. मुंबईच्या लोकलमध्ये साखळी ओढण्याची घाई करू नये : दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली तर ती आणि तो एकाच डब्यात अडकतात, आणि पोलीस असतात ते फलाटावर. रेल्वेच्या १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर पुढचं स्टेशन, गाडी स्लो की फास्ट, कुठून कुठे, आणि पुढून कितवा डबा हे सांगायचं.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुणीतरी मदतीला गेलेलं असेल तर दुसऱ्याने चित्रण करणं उपयोगाचं आहे. कॅमेरा त्याच्यावर ठेवा, तिच्यावर नको. दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर चौकटीत येऊ द्या, तारीख-वेळ मोठ्याने बोला. मूळ फाइल फोनमधून काढू नका, कापू नका. व्हॉट्सॲपवरून साधी पाठवली तर ती दाबली जाते, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात त्या फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस सांगतील. आणि ती कुठेही टाकायची नाही. ती चित्रफीत तिची आहे, द्यायची तर तिला. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हाच आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण बाळकडूबरोबर प्यायलोय, म्हणून एवढं सांगून ठेवावंसं वाटतं. साक्षीदार स्त्री असेल किंवा साठीच्या वरचा पुरुष असेल, तर जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. दोन वर्षांनी समन्स येतं तेव्हा काही आठवत नाही, त्यासाठी त्या रात्रीच वहीत चार ओळी लिहून ठेवायच्या : काय ऐकलं, किती वाजता, कोण बाहेर आलं, काय दिसलं. दिसलं तेवढंच. अंदाज नकोत.

हे सगळं केल्यावर एक दिवस ती म्हणते, ‘काही नाही हो काकू, मीच पडले होते.’ त्यानंतर जिन्यात दिसली की मान फिरवते. नवऱ्यासोबत हसत स्कूटरवरून जाताना दिसते. एवढी धावपळ केलेल्या माणसाच्या मनाला हे लागतं, आणि बरीचशी मदत इथेच संपते, मारणाऱ्याच्या धमकीने नव्हे. तिला घरात तगून राहायचं असतं, आणि तगून राहायला कधी कधी शेजारणीशी अबोलाही धरावा लागतो. बहुधा तो नवऱ्यानेच मागितलेला असतो. तेव्हा बोलणं बंद झालं तरी खूण चालू ठेवता येते. बाल्कनीत विशिष्ट रंगाचा टॉवेल, पोराच्या हातून ‘आईने विरजण मागितलंय’ असा निरोप, रिकामा मिस्ड कॉल. खूण दिसली की कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं : मुलांना कुणी आपल्या घरी आणायचं, ११२ कुणी लावायचा, बेल कुणी वाजवायची, झेरॉक्सची पिशवी कुठल्या कपाटात आहे. विरजणाचा निरोप वारंवार येऊ लागला तर त्याला संशय येतो, म्हणून दर दोनतीन महिन्यांनी खूण बदलायची.